नानकटाईच्या वासाची गाडी

आयुष्यात पहिली गाडी मी निवडली ती नाकानं. नाकानं आणि मोजपट्टीनं. डोकं त्या दिवशी घरी राहिलं होतं, आणि ते घरी राहिलंय हे माझ्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. आता मांडीवर नात घेऊन बसते तेव्हा तिला वाटतं आजी जन्मापासून शहाणी आहे. तिचा तो गैरसमज तिच्या आईनंही अजून मोडलेला नाही, म्हणून मीच मोडायला बसले आहे.

आमची नर्सरी तेव्हा धायरीत होती, कालव्याच्या खालच्या अंगाला, तात्यांच्या जमिनीच्या तुकड्यावर. तात्या गावचे. जमीन भाड्यानं दिली तरी रोज सकाळी बांधावर येऊन बसायचे आणि आपल्या मातीत परक्यांनी काय उगवलंय ते पाहायचे. आम्ही परकेच होतो. बाबा वर्ध्याकडचे, सरकारी बंगल्यांवर माळी म्हणून पुण्यात आलेले. साहेब बदलले, बंगले बदलले, पण बाबांनी लावलेले गुलाब तिथेच राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही नर्सरी काढली. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे हिरव्या जाळीची सावली, मागे शेणखताचा ढीग आणि या सगळ्याच्या मध्ये आई. पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी आईच्या बोलण्यातलं वऱ्हाड एक पाऊलही पुण्याकडे सरकलं नव्हतं. मी मात्र शाळेत असतानाच पुण्याची होऊन गेले. ‘माह्या’चं ‘माझ्या’ केलं, ‘पाह्य’चं ‘बघ’ केलं, आणि मैत्रिणी घरी आल्या की आईनं जरा कमी बोलावं अशी देवाकडे प्रार्थना करायची, तीही अशा घरात जिथे देव्हारा नव्हता, भिंतीवर फक्त बुद्धाची तसबीर होती. तसबिरीतल्या डोळ्यांनी ते सगळं ऐकून घेतलं असणार.

सकाळचा पहिला आवाज कालव्यावरच्या मोटारीचा. दुसरा झारीचा. बाबा झारी तिरपी करायचे आणि पानांवर पाणी पडताना जो बारीक आवाज व्हायचा तो माझ्यासाठी गजर होता. अजूनही कुणी गॅलरीत झाडांना पाणी घातलं की मी उठून बसते आणि कॉलेजला उशीर झाला असं वाटतं. तिसरा आवाज आईचा, भाकरी थापतानाचा. ज्वारीची भाकरी, त्यावर जवसाची चटणी आणि चटणीत मध्ये खड्डा करून ओतलेलं तेल. बुद्धपौर्णिमेला खीर, ती धायरीच्या अर्ध्या गावाला. एरवी संध्याकाळी तिखट बेसन किंवा अंबाडीची भाजी, तीत भिजवलेल्या चण्याच्या डाळीचे दाणे. तात्या कधी जेवायला थांबले तर म्हणायचे, ‘‘वैनी, तुमची चटणी लई ग्वाड हाय,’’ आणि डोळ्यातलं पाणी पुसायचे. त्यांच्याकडे तिखटाला गोडच म्हणत असावेत असं मी धरून चालले होते.

आमचा धंदा बदलला तो काचांमुळे. शहरात एकेक बंगला पाडून काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. आत कॉम्प्युटर, बाहेर पाटी. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण आत गारवा सोडलेला. आत बसणाऱ्या पोरांना दिवसभर हिरवं काही दिसावं म्हणून साहेबांना झाडं हवी असायची, आणि त्या गारव्यात झाडं काही जगायची नाहीत. पंधरा दिवसांत पानं पिवळी. बाबांनी डोकं लढवलं आणि झाडं विकायची नाहीत, भाड्यानं द्यायची असं ठरवलं. पंधरा दिवस झाड तिकडे नोकरी करणार, मग घरी येऊन सावलीत विश्रांती घेणार, आणि त्याच्या जागी दुसरं कामावर जाणार. आई म्हणायची, झाडाले पंधरा दिवसाची रजा भेटते, मले कवा भेटन?

झाडं ने-आण करायला भाड्याचा टेम्पो होता. तो आमच्याआधी काय वाहून आला असेल ते त्याच्याच तळाकडे पाहून ओळखायचं. कधी सिमेंट, कधी कोंबड्या. आणि उघडा. सिंहगड रस्त्यावर तो भरधाव निघाला की अरेका पामची लांब पानं वाऱ्यानं फाटून चिंध्या व्हायच्या. एरंडवण्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत आमची आठ झाडं असत. तिथल्या व्यवस्थापक गोडबोले बाईंनी एकदा फाटलेलं पान दोन बोटांत धरून मला विचारलं, ‘‘हे झाड आहे का झाडणी?’’ मी एकवीस वर्षांची होते. मी म्हणाले, झाड आहे. त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं सांगितलंत.’’

त्याच गोडबोले बाईंनी नंतर सांगितलं की कंपनी मोठ्या इमारतीत जाणार आहे, चाळीस झाडं लागतील, वर्षभरासाठी लागतील, पण अट एक. गाडी स्वतःची आणि बंदिस्त हवी. संगमरवरावर मातीचा एक कण पडलेला त्यांना चालणार नव्हता आणि पानाला एक चीरही नाही.

हे ऐकून घरात दोन माणसांना दोन गोष्टी वाटल्या. मला वाटलं, आता आपण मोठे उद्योजक. बाबांना वाटलं, आता थांबावं. त्यांनी तोवर एका नव्या सोसायटीत माळ्याच्या नोकरीला होकार देऊन ठेवला होता. एक तारखेपासून जायचं, आठ तास, ठरलेला पगार, दुसऱ्याची बाग. तात्यांना जागा परत करायची. उभी हयात दुसऱ्याच्या बागा राखल्यावर माणसानं स्वतःची चार वर्षं राखली आणि पुन्हा दुसऱ्याचीच राखायला निघाला, हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त माझ्या नावाची पाटी दिसत होती. मी भांडले. कॉमर्सची पदवी घरात कशासाठी आणली आहे, वगैरे म्हणाले. जेवताना बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि आईकडे बघत म्हणाले, ‘‘गाडी मंदा निवडन. माह्या फंडात बसन तेवढी. चाळीस झाडं वेळेवर गेली आन् धड गेली, तं नर्सरी राहीन. नाही गेली, तं मी एक तारखेले सोसायटीत.’’

आई म्हणाली, ‘‘मले कोनी इचारलं नाही, पन मी आयकलं.’’

मग मी जी काही झाले त्याचं वर्णन करायला माझ्याकडे फोटो आहे, पण तो मी कुणाला दाखवत नाही. हातात फाइल. फाइलमध्ये आखलेला तक्ता. डोळ्यांवर गॉगल, तोही शोरूमच्या आत. कुठल्याशा माहितीपत्रकात ‘पेलोड’, म्हणजे गाडीला पेलेल तेवढं ओझं, हा शब्द वाचला होता, तो मी दर दुसऱ्या वाक्यात पेरायची. विक्रेता माझा प्रश्न ऐकायचा आणि उत्तर बाबांना द्यायचा. बाबा त्याला माझ्याकडे बोट दाखवायचे. तो पुन्हा बाबांनाच सांगायचा. एका ठिकाणी मी चिडून म्हणाले, ‘‘गाडी मी घेणार आहे.’’ तो हसून बाबांना म्हणाला, ‘‘ताई हुशार आहेत.’’

तीन गाड्यांवर येऊन थांबले. एक तीनचाकी, नवी कोरी, पण उघडी, आणि रस्त्यात खड्डा दिसला की तिघांपैकी एका चाकाचं मत वेगळं पडायचं. दुसरी चारचाकी, मागे ताडपत्री. ताडपत्री म्हणजे बंदिस्त का, असं मी गोडबोले बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘छत्री म्हणजे घर का?’’ ती बाद झाली. तिसरी वारज्याला, एका बेकरीवाल्याची जुनी. मागे पत्र्याची पेटीसारखी बंद बॉडी, दोन पल्ल्यांचं दार, आत दोन्ही बाजूंना पावाचे ट्रे सरकवायला लोखंडी पट्ट्या. बेकरीवाले खानचाचा म्हातारे होते, मुलगा परदेशी गेला होता, त्यांनी फेऱ्या बंद केल्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि आतून नानकटाईचा वास आला. तूप, वेलदोडा, भाजलेलं पीठ. मी डोळे मिटले. माझ्या तक्त्यात वासाचा रकाना नव्हता, पण माझ्यापुरती गाडी तिथेच ठरली.

पुढचं सगळं मोजमाप म्हणजे मनाला दिलेली कारणं. निघताना आईनं सांगितलं होतं, एक झाड संग घेऊन जा. मी हसले होते. मोजपट्टी आहे ना माझ्याजवळ. आई म्हणाली, ‘‘पोराले चप्पल घ्याले जाता तं पोराले संग नेतेत का पट्टी नेतेत?’’ मी तिला पेलोड समजावून सांगायला लागले. ती भाकरीकडे वळली.

मी आत चढले, पट्टी लावली. साडेपाच फूट उंची. आमची झाडं पाच फुटी. नर्सरीच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, अरेका पाम, पाच फूट, चाळीस नग. म्हणजे वर अर्धा फूट हवा खेळायला. मी तो अर्धा फूट तक्त्यात लाल शाईनं लिहिला आणि खाली रेघ मारली. मी स्वतः पाच फुटांना दोन बोटं कमी, त्यामुळे मला आत सगळं ऐसपैस वाटलं. माझ्यामागून बाबा चढले. त्यांना आत मान वाकवून उभं राहावं लागलं. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले, छताला तळहात लावून. मला वाटलं, पत्रा गंजला आहे का पाहताहेत. मग त्यांनी त्या लोखंडी पट्ट्या हलवून पाहिल्या. मी म्हणाले, त्या कापून टाकू, जागा होईल. ते म्हणाले, ‘‘राहू दे. मजबूत हायेत.’’ एवढंच. उतरून त्यांनी खानचाचांशी हात मिळवला. चाचांनी मला नानकटाईचा पुडा दिला आणि म्हणाले, ‘‘बेटी, गाडीला रोज सकाळी एकदा विचारायचं, कशी आहेस. मग ती बंद पडत नाही.’’ मी तेही तक्त्यात लिहून घेतलं असतं, इतकी मी तेव्हा मूर्ख होते. आता मात्र रोज सकाळी माझ्या गुडघ्यांना तसं विचारते.

चालक म्हणून लक्ष्मणकाका आले. बाबांचे मित्र, विश्रांतवाडीला राहणारे, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. ते आमची गाडीही बससारखीच चालवायचे. वळताना मागे आणखी वीस फूट गाडी आहे असं समजून वळायचे, आणि थांब्यावर कुणी हात न दाखवताही हळू व्हायचे. पहिल्याच दिवशी दांडेकर पुलाजवळ एका बाईनं विचारलं, ही गाडी स्वारगेटला जाते का. काका म्हणाले, ‘‘जाते, पण तुम्हाला नेत नाही.’’

इमारतीच्या उद्घाटनाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी गाडीवर नाव रंगवून घेतलं. बाबा काय करत होते? दुपारी सावलीत बसून गोणपाट कापत होते. गोल तुकडे, कडेनं दुमडून शिवलेले, आत सुतळी ओवलेली. एकेक तुकडा म्हणजे मोठं टोपडंच. मी विचारलं नाही. मला वाटलं, सोसायटीतल्या बागेची तयारी चालली आहे, माझ्यावर त्यांचा भरवसाच नाही, आतापासून नोकरीची शिवणटिपण. मला राग आला आणि मी तो दाखवण्यासाठी त्यांच्यासमोरून मुद्दाम मोठ्यानं फाइल बंद करत जायची. शेवटचे दोन दिवस तर त्यांनी चाळीस अरेकांना पाणीच घातलं नाही. मी झारी उचलली तर म्हणाले, ठेव. मी म्हणाले, झाडं सुकतील, बाई परत पाठवतील. ते म्हणाले, ‘‘प्रवासाले निघताना कोनी पोटभर पानी पेत नाही.’’ मी आईला जाऊन सांगितलं की बाबांना हे जमावं असं वाटतच नाही. आई वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि मला म्हणाली, ‘‘तुह्या बापानं आतापर्यंत एक झाड मारलं असन तं सांग.’’

सोमवारी पहाटे उजाडल्याबरोबर गाडी जाळीशेजारी लावली. दहा वाजता पाहुणे येणार, त्याआधी चाळीस झाडं जागेवर हवीत, दोन फेऱ्या. दार उघडलं. नानकटाईचा वास आला. दोन गड्यांनी पहिली अरेका उचलली, मी पुढे होऊन दिशा दाखवत होते, जशी काही त्यांना गाडीचं दार दिसत नव्हतं. झाड आत गेलं. शेंडा दाराच्या वरच्या पट्टीला लागला आणि वाकला. गड्यांनी थोडं खाली धरलं. पुन्हा लागला. मी म्हणाले, ‘‘तिरकं करा.’’ त्यांनी तिरकं केलं. ‘‘आता सरळ करा.’’ सरळ होईना.

मी पट्टी काढली. शेंड्यापासून मातीपर्यंत मोजलं. पाच फूट. अगदी पाच. मी पुन्हा मोजलं. पाच. आणि मग माझी पट्टी मातीवर टेकलेली असताना माझी नजर तिच्या खाली गेली. तिथे कुंडी होती.

आता हे नर्सरीबाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, कुंडी कशी विसरली? पण आमच्यात झाड मोजतात ते मातीपासून वर. पाच फुटी झाड म्हणजे मातीच्या वर पाच फूट. कुंडी मोजणं म्हणजे माणसाची उंची सांगताना त्याची खुर्ची धरणं. गिऱ्हाईकाला कुंडी धरून उंची सांगणारा तो लबाड, असं बाबांनी मला मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून शिकवलं होतं. मी आयुष्यात कुठलंच झाड कुंडीसकट मोजलं नव्हतं. इतकी प्रामाणिक मी, की सव्वा फूट कुंडी माझ्यासाठी या जगात नव्हतीच. साडेपाच फुटांच्या पेटीत सव्वासहा फुटांचं झाड उभं करायला मी बाबांचा फंड घालून बसले होते, वर लाल शाईची रेघ मारून.

बांधावर तात्या बसले होते. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. लक्ष्मणकाका स्टिअरिंगवर हात ठेवून आरशातून मागे पाहत होते. आणि मग आईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती जी हसायला लागली ती खाली बसली. मला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. आज वाटतं की ती हसली नसती तर मी आयुष्यभर त्या दारात तशीच पट्टी घेऊन उभी राहिले असते. इतकं हसू येण्याजोगी चूक जीवघेणी नसते, हे मला तिच्या हसण्यानं सांगितलं. तेव्हा नाही कळलं. तेव्हा मी रडले, आणि रडताना बाबांना म्हणाले, ‘‘संपलं ना सगळं?’’

बाबा खोलीत गेले आणि येताना दोन्ही हातांत गोणपाटाची ती टोपडी घेऊन आले. चाळीस. त्यांनी एक टोपडं पहिल्या अरेकाच्या बुंध्याशी, मातीवर पसरलं, कुंडीच्या काठाखाली ओढलं आणि सुतळी आवळली. माती बंद झाली. मग खालून वर पानं गोळा करत सुतळीचे वेढे दिले, हलक्या हातानं. पिंजारलेल्या केसांची वेणी व्हावी तसं ते झाड बारीक, लांब झालं. त्यांनी ते उचलून गाडीत आडवं केलं. मातीचा कणही सांडला नाही. दोन दिवस पाणी नव्हतं म्हणून माती कोरडी, घट्ट, आणि कुंडी हलकी. लोखंडी पट्ट्यांवर त्यांनी आडव्या फळ्या टाकल्या. त्याही कापून तयार होत्या, शेणखताच्या ढिगामागे. खाली दहा झाडं, वर दहा, एकाची कुंडी दुसऱ्याच्या शेंड्याशी. रेल्वेच्या डब्यात माणसं वर-खाली झोपतात तशी.

‘‘कलमं वर्ध्याहून मी अशीच आनली व्हती,’’ बाबा गड्यांना सांगत होते, माझ्याकडे न पाहता. ‘‘झाड झोपलं तं मरत नाही. हेलकावे खाल्ले तं मरते.’’

आई उठली, डोळे पुसले आणि दुसऱ्या झाडाची वेणी घालायला बसली. लहानपणी माझे केस विंचरताना ती गुडघ्यात डोकं धरायची, तशीच तिनं कुंडी गुडघ्यात धरली. मला म्हणाली, ‘‘बस इथं. रडाले दुपारी टाइम भेटन.’’ मीही वेण्या घातल्या. माझी पहिली वेणी सैल झाली, तिनं सोडून पुन्हा घातली. तात्या बांधावरून उतरले आणि सुतळी तोडून द्यायला लागले. म्हणाले, ‘‘मानसं बसून जात्यात, झाडं उबी कशापायी न्यायची म्हन्तो मी.’’ हे त्यांना आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या दिवशी मी कुणाला काही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हते.

पहिली फेरी पावणेआठला पोचली. त्या काळी कॉम्प्युटर असलेल्या खोलीत चपला घालून जायची चाल नव्हती. धुळीनं ती यंत्रं आजारी पडतात असा सगळ्यांचा समज होता. बाबांनी बाहेरच्या नळावर पाय धुतले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि अनवाणी आत गेले. गडीही तसेच. खांद्यांवर गोणपाटात गुंडाळलेली, बांधलेली लांबट ओझी. गोडबोले बाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी ती मिरवणूक आत जाताना पाहिली आणि मला विचारलं, ‘‘झाडं आजारी आहेत का? झोपवून आणताय म्हणून विचारते.’’

मी काहीतरी थाप मारणार होते, नवी पद्धत वगैरे. पण माझा गॉगल घरी राहिला होता आणि त्याबरोबर बरंच काही. मी म्हणाले, ‘‘उभी मावली नाहीत. मी कुंडी मोजायची विसरले.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी संगमरवरी फरशीकडे पाहिलं. वाकून, बोट फिरवून पाहिलं. ‘‘विसरत जा,’’ त्या म्हणाल्या, आणि हातातल्या कागदावर खूण केली.

बाबांनी झाडं जागच्या जागी उभी केली, सुतळ्या सोडल्या, पाणी घातलं आणि पानांवर फवारा मारला. पानं लगेच उघडली नाहीत. आम्ही दुसरी फेरी घेऊन आलो तेव्हा पहिल्या वीस झाडांची पानं पसरली होती, एकाही पानाला चीर नव्हती, आणि दोन तरुण पोरं कॉम्प्युटर सोडून त्यांच्यापाशी उभी होती. पाहुणे आले तेव्हा आम्ही मागच्या दारानं बाहेर पडत होतो. बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, पंधरा दिवसांनी बदलायला या, याच वेळी, आणि असेच झोपवून. वर्षाच्या कागदावर त्यांची सही होती. ती कंपनी मग तीनदा मोठी झाली आणि तीनदा इमारत बदलली, पण झाडं आमचीच राहिली. गोडबोले बाईंनी मला त्या सगळ्या वर्षांत एक शब्दही गोड बोलल्याचं आठवत नाही, आणि त्यांच्याएवढं माझं कुणी चांगलं केल्याचंही फारसं आठवत नाही.

परतताना आम्ही तिघं पुढच्या बाकावर होतो. लक्ष्मणकाका वळण वीस फूट मोठं घेत होते. मी मध्ये, बाबा खिडकीशी. कर्वे रस्ता मागे पडला तरी मला विचारण्याचा धीर होईना. शेवटी विचारलं.

‘‘बाबा, तुम्हाला वारज्यालाच कळलं होतं ना?’’

‘‘मान लागली व्हती वर,’’ ते म्हणाले. ‘‘मले लागली तं झाडाले लागनच.’’

‘‘मग बोलला का नाहीत? फंड तुमचा होता.’’

काकांनी एका रिकाम्या थांब्यावर सवयीनं गाडी हळू केली आणि पुन्हा सोडली.

‘‘गाडी खराब नव्हती,’’ बाबा म्हणाले. ‘‘बंद हाय, तळ खाली हाय, चढवाले सोपी. उभीच नेली पायजे असं थोडी हाय. आन् मी सांगतलं असतं तं गाडी माही झाली असती. मंग नर्सरी बी माहीच राहिली असती. माही मले पुरली आता.’’

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. मध्ये बसलेल्या माणसाला खिडकी नसते हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आठ दिवस मी या माणसासमोर फाइल आपटत होते आणि तो माझी चूक झाकायला चाळीस टोपडी शिवत होता. बरं, झाकली तरी कुठे? दिसू दिली, सगळ्यांसमोर दिसू दिली, फक्त तिच्यापायी काही अडू दिलं नाही. पुढे मला दोन मुलं झाली, हाताखाली माणसं आली, आणि त्यांच्या चुका मला आधीच दिसायला लागल्या, तेव्हा गप्प राहून सुतळी ओवणं किती अवघड असतं ते कळलं. मला ते दहातून दोनदा जमलं असेल. आठदा मी बोलले.

सिंहगड रस्त्याला लागल्यावर बाबांनी काकांना थांबायला सांगितलं. ती नवी सोसायटी. कमानीला अजून रंगाचा वास येत होता, आत वाळूचे ढीग आणि लावायला आणलेली रोपं प्लास्टिकच्या पिशव्यांतच सुकत पडलेली. बाबा उतरले. एक तारीख चार दिवसांवर होती. मी म्हणाले, ‘‘बाबा—’’ पुढे ‘थांबा’ म्हणायचा हक्क मला त्या सकाळनंतर वाटत नव्हता.

ते कमानीतून आत गेले. सेक्रेटरींच्या खोलीचं दार उघडं होतं, पण आतलं दिसत नव्हतं. काका म्हणाले, ‘‘उतारू आत गेला की चालकानं पाहायचं नसतं,’’ आणि पुढे पाहत राहिले. मी पाहत होते. थोड्या वेळानं बाबा बाहेर आले. वाटेत वाकले, पिशव्यांतल्या रोपांना तिथल्याच डब्यानं पाणी घातलं, एक एक करत सगळ्यांना. मग हात झटकत आले, चढले, बसले.

‘‘येनार नाही म्हनून सांगून आलो,’’ ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, जसं बंगल्यावरच्या साहेबांना विचारत असतील तसं, अगदी सरळ विचारलं, ‘‘पंधरा दिवसानं किती वाजता निघाचं?’’

त्या माणसानं मला तोवर कधी वेळ विचारली नव्हती. झोपेतून उठवायचे, वेळ सांगायचे.

‘‘साडेसहा,’’ मी म्हणाले. मग घाबरून, आणखी काही मोजायचं राहिलं असेल तर, ‘‘नाही, सहाच.’’

‘‘बरं,’’ बाबा म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.